२.२१ टक्के कुठून आले

(सकाळ. जिल्हा रुग्णालयाचा व्हरांडा, लाईन)

आज बुधवार, सिव्हिलमध्ये दिव्यांग बोर्ड आहे, म्हणजे तपासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र द्यायचा दिवस, म्हणून ही एवढी लाईन. खिडकी उघडायला अजून वेळ आहे पण लोक पहाटेच्या एसटीने येऊन बसलेत, कुणी तीनचाकीवर, कुणी भावाच्या पाठीवर, आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी, आत आधार, रेशनकार्ड, फोटो आणि जुने एक्सरे. ऑनलाइन फॉर्म आधीच झालेला असतो, बहुतेकांचा गावातल्या सेतूवाल्याने भरून दिलेला. आता केसपेपर काढायचा आणि मग हाडांचे डॉक्टर, डोळ्यांचे, कानाचे, जिथे पाठवतील तिथे जाऊन पुन्हा लाईनीत उभं राहायचं. या सगळ्यातून शेवटी एक आकडा निघतो. दिव्यांगत्वाचा टक्का. कुणाला किती बसले याची चर्चा या व्हरांड्यात दहावीच्या निकालासारखी चालते.

(तपासणीची खोली, गोनिओमीटर जवळून)

दोन पट्ट्या आणि मधे अंश कोरलेली चकती, याला गोनिओमीटर म्हणतात. सांधा किती वाकतो ते याच्यावर मोजायचं. बघा, एक पट्टी मांडीला लावली, दुसरी पोटरीला, डॉक्टर हळूहळू गुडघा वाकवतायत, काकांनी ओठ आवळले की थांबतायत, अंश वाचतायत आणि शेजारी बसलेला मुलगा लिहून घेतोय. मग स्नायूंची ताकद, मग टेप लावून दोन्ही पायांची लांबी. टक्का डॉक्टरने मनाने द्यायचा नसतो, केंद्र सरकारच्या गॅझेटमध्ये कोष्टक छापलेलं आहे, त्यातून काढायचा. पाय गुडघ्याच्या सांध्यातून गेला की ७५. घोट्यातून गेला की ५५. पायाची सगळी बोटं गेली तर २०, नुसता अंगठा गेला तर १०. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर ३०.

आणि एकाच माणसाला दोन गोष्टी असतील तर साधी बेरीज करत नाहीत, नाहीतर लोक शंभराच्या वर जातील. मोठा आकडा घ्यायचा, तो ९० मधून वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि मग मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे पायाचे ७५ आणि डोळ्याचे ३० असतील तर १०५ होत नाहीत, ८० होतात. हे गणित टेबलावर समोरासमोर बसून केलं जातं आणि समोरचा माणूस पेनाकडे बघत असतो. तो शॉट आम्ही कापला नाही.

(कार्डांचा क्लोजअप)

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. पांढरी पट्टी ४० च्या खाली, पिवळी ४० पासून ८० च्या आतपर्यंत, निळी ८० आणि वर. २०१६ चा कायदा आला तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सिकलसेल आला, थॅलेसेमिया आला, पार्किन्सन्स आला, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले लोक आले. पण नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासाठी आणि उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांसाठी रेघ तीच राहिली, ४०.

आता हे दादा. शुगर वाढली, जखम चिघळली, पायाचा चवडा काढावा लागला. कोष्टकात चवड्याला ३०. म्हणजे पांढरी पट्टी. दादा मार्केट यार्डात हमाली करायचे, पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं काम, ते गेलं. हाच चवडा एखाद्या हेडक्लार्कचा गेला असता तर त्यालाही ३० च मिळाले असते आणि तो महिनाभराने परत खुर्चीवर बसला असता. कोष्टक पायाचं माप घेतं, फळीचं माप त्यात कुठे बसवणार? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच नवीन चौकट आणली, तिला आयसीएफ म्हणतात, तिच्यात शरीराबरोबर माणूस रोज काय काय करू शकतो आणि आजूबाजूची परिस्थिती त्याला किती अडवते हे पण मोजायचं असं आहे. चौकट चांगलीये. या टेबलापर्यंत पोचता पोचता तिच्यातलं शरीरच तेवढं उरलंय.

(ऑडिओमेट्रीची खोली, काचेपलीकडे मुलगी)

आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच तिला सांगितलंय. हेडफोन मोठा आहे, सारखा घसरतोय, आई बाहेरून खुणेने सांगतेय नीट धर. आत आवाज कमी कमी होत जातो, मग परत वाढतो, आणि ग्राफवर एकेक खूण पडत जाते. कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून कमी ऐकू येणं धरतात आणि ७० पासून बहिरेपण. ती बटण दाबते आणि दर वेळी आईकडे बघते.

(शेजारच्या खोलीत मानसिक आजारांची तपासणी चालते, तिथे आम्ही कॅमेरा नेला नाही.)

हे झालं एकेका माणसाचं. देशाचा पण एक टक्का आहे. २.२१. सन २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख लोक दिव्यांग नोंदले गेले, त्याचा हा टक्का. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. भाषणात, योजनेच्या प्रस्तावात, बातमीत सगळीकडे हाच आकडा फिरतो. तो आला कुठून ते बघायला आम्ही लायब्ररीत गेलो.

(लायब्ररी. जनगणनेचे जुने खंड, पानं उलटताना)

ही इंग्रजांच्या काळातली पुस्तकं. पान पलटलं की भुगा पडतोय. १८७२ पासून १९३१ पर्यंत दर जनगणनेत हे विचारलं जायचं आणि रकाने कसे, तर वेडे, मुकेबहिरे, आंधळे, महारोगी. शब्द तेव्हाचे आहेत, आम्ही जसे छापलेत तसे वाचतोय. १९४१ मध्ये प्रश्न गायब झाला. स्वातंत्र्यानंतर १९५१, ६१, ७१ तीन जनगणना झाल्या, कुणी विचारलंच नाही. म्हणजे कारखाने निघाले, धरणं बांधली, पंचवार्षिक योजना आल्या आणि देशात किती लोकांना चालता येत नाही याचा आकडा कुणाकडेच नव्हता.

मग १९८१, अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष. त्यानिमित्ताने प्रश्न परत आला पण कसा, तर पूर्ण आंधळे किती, पूर्ण लुळेपांगळे किती, पूर्ण मुके किती. पूर्ण. थोडं दिसणारा नाही, काठीने चालणारा नाही. आकडा आला ११ लाख १९ हजार. ६८ कोटींच्या देशात. आणि १९९१ ला तो प्रश्न परत काढून टाकला!

२००१ मध्ये पाच प्रकार विचारले, आकडा आला २ कोटी १९ लाख. वीस वर्षांत ११ लाखांचे २ कोटी. साथ आली नव्हती, प्रश्न बदलला होता. २०११ मध्ये आठ प्रकार केले, आकडा २ कोटी ६८ लाखांवर गेला. त्याच काळात जगाचा अंदाज १५ टक्के सांगितला जात होता, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो १६ केला, म्हणजे दर सहा माणसांत एक. आपल्याकडे दर पंचेचाळीस माणसांत एक. आता आपलं हवापाणी इतकं काही चांगलं नाहीये. जगाच्या हिशेबात त्रास किती होतो हे धरतात, आपण नाव लावून घेतोय का ते धरतो. २०११ च्या फॉर्मवर नवव्या नंबरला प्रश्न आहे, ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का, हो किंवा नाही. हो म्हटलं तरच पुढे प्रकार.

२०१८ मध्ये सरकारच्या नमुना सर्वेक्षणाची ७६ वी फेरी झाली, खास याच विषयावर, १ लाख १८ हजार घरं फिरले, तरीही २.२ च आले. पण त्या सर्व्हेमध्ये कामाच्या गोष्टी आहेत, ज्या कुणी फारशा सांगत नाही. दिव्यांगांपैकी प्रमाणपत्र फक्त २८.८ टक्के लोकांकडे. वय ७ च्या वरच्यांमध्ये लिहिता वाचता येणारे ५२.२ टक्के. १५ च्या वरच्यांमध्ये काम करणारे किंवा काम शोधणारे २३.८. या व्हरांड्यात जी लाईन तुम्ही बघितली ती त्या २८.८ मध्ये शिरायची लाईन आहे.

(गाव. दुपार. आशाताई गल्लीत)

आता प्रश्न बदलला की काय होतं ते बघा. ताई आशा कार्यकर्ती आहेत, गल्लीतलं प्रत्येक घर त्यांना पाठ आहे. आम्ही त्यांना सांगितलं, आधी सरकारी फॉर्मसारखं विचारा.

दारात सूनबाई. "वहिनी, घरात कुणी अपंग आहे का?" "नाही ओ ताई, आमच्यात कुणी नाही." दोन सेकंदात उत्तर, आणि खरं सांगायचं तर ती खोटं बोलत नाहीये, तिच्या मते नाहीच.

मग ताई आत गेल्या. आजी बाजेवर बसलेल्या. आता दुसरे प्रश्न, सहाच आहेत, वॉशिंग्टन ग्रुप नावाच्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाने तयार केलेले आणि कितीतरी देशांत वापरले जाणारे. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का. मशीन लावूनही ऐकायला त्रास होतो का. चालायला, पायऱ्या चढायला. आठवायला, लक्ष लागायला. अंघोळ, कपडे असं स्वतःचं स्वतः करायला. आपलं म्हणणं दुसऱ्याला समजवायला. प्रत्येकाला चार उत्तरं, अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. कुठेही एका जागी खूप किंवा जमतच नाही आलं की तो माणूस मोजायचा. अपंग हा शब्द सहाही प्रश्नांत नाही.

"आजी, पायऱ्या चढायला त्रास होतो का?" "पायऱ्या कशाला, उंबऱ्याला धरावं लागतंय." "म्हणजे खूप का थोडा?" आजी हसल्या. "लय." ऐकायला? ताईंना तो प्रश्न दोनदा विचारावा लागला, तेव्हा उत्तराची वाट न बघताच त्यांनी खूण केली. सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती, मधेच म्हणाली, अहो पण हे वयाचं आहे.

हेच ते. वयाचं आहे म्हणून मोजायचं नाही, शुगरचं आहे म्हणून मोजायचं नाही, बाईमाणूस घरातच असते म्हणून मोजायचं नाही. जनगणनेत १ कोटी ५० लाख पुरुष दिव्यांग आणि १ कोटी १८ लाख बायका. बायकांच्या सांध्यांना, कानांना, डोळ्यांना देशभर इतका आराम आहे यावर आमचा तरी विश्वास नाही.

(वर्कशॉप. भट्टी, प्लॅस्टर, रबरी पाऊल)

आता ज्यांची नोंद झाली त्यांचं पुढे काय, तर हे वर्कशॉप. जयपूर फूट इथे बसवतात. १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉक्टर पी. के. सेठी यांनी मिळून ते केलं, रबराचं पाऊल, उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं, चपलेशिवाय पण चालता येतं. आधी राहिलेल्या पायाचा प्लॅस्टरने साचा. साच्यात परत प्लॅस्टर ओतून आतला ठोकळा. मग हा पाईप भट्टीत, पिण्याच्या पाण्याला वापरतात तसल्याच प्लॅस्टिकचा, मऊ होऊन जवळजवळ पारदर्शक दिसायला लागला की दोघांनी मिळून ठोकळ्यावर ओढायचा, हात भाजू नये म्हणून जाड मोजे आणि सगळं काही क्षणांत, कारण गार झालं की संपलं. घासून, पट्टे लावून, खाली पाऊल ठोकून पाय तयार.

इथले टेक्निशियन भाऊ जुने आहेत, त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला कुठल्याच रिपोर्टमध्ये मिळालं नव्हतं. ते कामाला लागले तेव्हा दिवसभर कॅलिपर, म्हणजे पोलिओ झालेल्या पोरांच्या पायाच्या पट्ट्या. देशातली पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. आता पोरं येत नाहीत, ती जुनी पोरंच पन्नाशीची होऊन खांदे दुखतात म्हणून येतात, आणि नवीन येतात ते मोटरसायकलवाले आणि शुगरवाले. दिव्यांगत्वाचा कल कल म्हणतात तो या कोपऱ्यात पडलेल्या साच्यांमध्ये सरळ दिसतोय, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. वाटपाचे आकडे भरपूर आहेत, किती पाय दिले, किती कुबड्या, किती तीनचाकी. पण पाय कापल्यावर पहिल्या वर्षात उरलेला भाग बारीक होत जातो, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल होतं, घासतो, जखम होते आणि माणूस पाय काढून कोपऱ्यात उभा करून ठेवतो. भाऊंच्या मते एक वर्षाने फोन करून विचारलं पाहिजे, पाय घालताय का. तेवढा एक रकाना वाढवायचा.

ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी, पेन्शन, तालुक्याला फिजिओथेरपिस्ट द्यायचा की नाही, हे सगळं जुन्या आकड्यांवर चाललंय आणि महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला, त्यालाही हाच आकडा घेऊन बसावं लागलं.

(परत गल्ली. ताई चालत जाताना)

पुढची जनगणना १ मार्च २०२७ ची तारीख धरून होणार आहे. ताईंनी मागच्या वेळचा प्रगणक बघितलाय, शाळेतले गुरुजीच होते, बिचारे दिवसाला किती घरं करायची या टेन्शनमध्ये. ताईंचं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न उंबऱ्यावरून विचारू नका, आत या, आणि सुनेला विचारू नका, बाजेवर जी बसलीय तिला विचारा, मोठ्याने.