आठ वारांचा हिशेब

[दृश्य: सकाळ. ओला रस्ता, दगडी घरं. मागाचा आवाज आधी ऐकू येतो, माग नंतर दिसतो.]

नऊवारीचा हिशेब आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. निऱ्यांना किती, काष्ट्याला किती, पदराला किती, हे घरातल्या आजीच्या बोटांना पाठ असतं. आज जो कपडा पाहायचाय, तो किल्ट, म्हणजे स्कॉटलंडचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा. तोही वारांतच मोजतात. फक्त तो पुरुष घालतात, आणि वार आठ.

हे सेल्कर्क. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, एट्रिक नदीच्या खोऱ्यातलं छोटं गाव. लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेलं. त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या. लॉखकॅरनची गिरणी मात्र इथेच आहे, आणि तिथलं चौकडीचं कापड, म्हणजे टार्टन, जगभर जातं.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. दोन खिडक्या शेजारी शेजारी.]

किल्ट घ्यायला आता एडिनबराच्या रॉयल माइलवर जावं लागत नाही. घरी बसून मागवता येतो. पण बघा, एका खिडकीत किंमत 40 पाउंड, दुसरीत 600. दोन्हीकडे तीच हिरवी-निळी ब्लॅक वॉच चौकडी. दोन्हीकडे लिहिलंय, ‘आठ वार’. फोटोत तर 40 पाउंडवालाच जास्त चकचकीत दिसतो.

मग बाकीचे 560 पाउंड जातात कुठे?

[दृश्य: टेबलावर कापडाचा तागा उलगडतो.]

सुरुवात पन्ह्यापासून, म्हणजे कापडाच्या रुंदीपासून करू. कारण ऑनलाइन भाव बघताना माणूस सगळ्यात आधी फसतो तो पन्ह्यावर, आणि त्यात दुकानदाराची लबाडी असतेच असं नाही.

किल्टची उंची कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत. साधारण दोन फूट. म्हणजे कापडाला सत्तावीस-तीस इंच पन्हा पुरतो. पण बहुतेक गिरण्या त्याच्या दुप्पट पन्ह्याचं कापड विणतात, 54 ते 60 इंचांचं. किल्ट शिवणारा ते मधोमध लांबीत फाडतो, दोन पट्ट्या करतो आणि एकीला दुसरी जोडतो. जोड एका निरीच्या पोटात लपतो. त्यामुळे आठ वारांच्या किल्टला दुप्पट पन्ह्याचं कापड लागतं चारच वार.

आता समजा, एका दुकानाचा भाव वाराला 42 पाउंड आणि दुसऱ्याचा मीटरला 75. स्वस्त कोण? पहिलं कापड एकेरी पन्ह्याचं असेल तर आठ वारांचे झाले 336. दुसरं दुप्पट पन्ह्याचं असेल तर चार वार, म्हणजे 3.66 मीटर, झाले 275 च्या आसपास. महाग दिसणारं कापड साठ पाउंडांनी स्वस्त निघालं. पन्हा न विचारता भाव विचारणं म्हणजे माणसं न मोजता जेवणाचं ताट ठरवणं.

एक खोच आहे. काही चौकड्या आरशातल्यासारख्या दोन्हीकडून सारख्या नसतात. बुकॅनन घराण्याची चौकडी तशी आहे. तिची दुसरी पट्टी फिरवून लावली की रंगांचा क्रम उलटा होतो आणि जोड जुळत नाही. तिथे चार वारांचं गणित कोलमडतं, कापड जास्त घ्यावं लागतं. हे मागवण्याआधी विचारलेलं बरं.

[दृश्य: किल्टची खालची कड, अगदी जवळून.]

आणि ही कड बघा. दुमड नाही, शिलाई नाही. मागावरच पक्का विणलेला काठ आहे हा. चांगला किल्ट खालून दुमडत नाहीत, कारण दुमडीने निऱ्या जाड होतात आणि नीट पडत नाहीत. फोटोत खाली शिलाईची रेघ दिसली, की समजावं कापड किल्टसाठी विणलेलं नव्हतं.

[दृश्य: तराजू.]

दुसरी गोष्ट वजन. टार्टनचं वजन औंसात सांगतात, दर वाराला. 10-11 औंस हलकं, 13 मधलं, 16 भारी. फौजेसाठीचं त्याहूनही वर. 16 औंसांचं चार वार कापड म्हणजे 64 औंस, जवळजवळ पावणेदोन-दोन किलो. एवढं वजन कमरेवर कशाला, असं वाटेल. पण त्याच वजनाने निऱ्या सरळ लोंबतात आणि चालताना झुलतात. हलक्या कापडाच्या निऱ्या दोन तास बसून उठलं की तोंड वाकडं करतात. आमचं मत विचाराल, तर 13 औंसांखाली जाऊ नये. गरम हवेच्या गावात घालायचा असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरी, धागा. उत्तम मानतात ती वर्स्टेड लोकर, तंतू विंचरून सरळ केलेली, ट्विलच्या तिरक्या विणीत. मग येतं पॉलिव्हिस्कोस, म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसचं मिश्रण. इंग्लंडात यॉर्कशायरमधली मार्टन मिल्स ते विणते. घरी धुता येतं, निऱ्या टिकतात, किंमत बरीच कमी. पावसात वाजवणाऱ्या बँडवाल्यांना ते परवडतं, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. शेवटी ॲक्रिलिक, लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा. 40 पाउंडांचा किल्ट बहुधा याचाच. असे पुष्कळ किल्ट पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये शिवले जातात, जिथे फुटबॉल आणि बॅगपाइपही बनतात. एका लग्नापुरता घालायचा तर ॲक्रिलिक चालेलही. पण मग भाड्यानेच का नाही?

[दृश्य: खिडकीपाशी शिवणकाम. सुई, पांढरा दोरा, खडूच्या खुणा.]

आता शिलाई. खरी किंमत इथे आहे.

चौकडीचा नमुना जेवढ्या अंतराने पुन्हा सुरू होतो, त्याला सेट म्हणतात. सेट सहा इंचांचा असेल तर एका निरीच्या पोटात जवळजवळ सहा इंच कापड जातं आणि बाहेर दिसतं जेमतेम इंचभर. निऱ्या घालायच्या दोन तऱ्हा. एका तऱ्हेत निऱ्या अशा घालतात, की पाठीमागे चौकडी जशीच्या तशी अखंड दिसते. इतकं कापड गिळलं गेलंय हे कळतसुद्धा नाही. दुसऱ्या, फौजी तऱ्हेत प्रत्येक निरीवर एकच पट्टी येते. उभं असताना एक रंग, चालताना आतला दुसरा उसळतो.

शिवाय प्रत्येक निरी नितंबापाशी रुंद आणि कमरेपाशी निमुळती हवी. तेवढा भाग हाताने, बारीक टाक्यांनी शिवतात. आत कॅनव्हासचं अस्तर, बाजूला चामड्याचे पट्टे नि बकलं. सरावलेल्या हातालाही एका किल्टला वीसेक तास लागतात. ब्रिटनमध्ये हाताने किल्ट शिवण्याची कला आज धोक्यात आलेल्या हस्तकलांच्या यादीत आहे. 40 पाउंडांच्या किल्टमध्ये वीस तास कुठून बसणार? त्यात निऱ्या मशीनने दाबलेल्या असतात, आणि चौकडी जुळली तर जुळली.

पण आठ वार म्हणजे काही देवाची आज्ञा नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरचे किल्ट चारेक वारांचेच असत, रुंद पेटीसारख्या निऱ्यांचे. आजही काही कारागीर तसे शिवतात. कापड निम्मं, भाव बराच कमी, आणि इतिहासाच्या दृष्टीने अस्सल.

[दृश्य: कापडाच्या चिंध्यांची माळ. एकाच चौकडीचे तीन रंग.]

रंगांच्या नावांनी गोंधळू नका. यादीत ‘एन्शंट’ दिसलं म्हणजे नमुना पुरातन, असं नाही. ती फिकट छटा आहे, वनस्पतींच्या रंगांची आठवण देणारी. ‘मॉडर्न’ म्हणजे गडद, ‘वेदर्ड’ म्हणजे ऊनपाऊस खाल्ल्यासारखी मातकट. मोबाइलचा पडदा यातल्या कुठल्याच छटेशी प्रामाणिक राहत नाही. कापडाचा तुकडा टपालाने मागवावा आणि दिवसाच्या उजेडात बघावा.

अमुक घराण्याचं टार्टन दुसऱ्याने घालू नये असा कायदा नाही. मान राखायचा तो बाल्मोरल नावाच्या टार्टनचा. ते राजघराण्याचं, राजाच्या परवानगीशिवाय घालत नाहीत. आणि स्वतःचं नवं टार्टनच हवं असेल, तर स्कॉटलंडच्या संसदेने 2008 साली कायदा करून टार्टनची सरकारी नोंदवही सुरू केली आहे. तिथे नोंद होते. पण नोंद म्हणजे मालकी हक्क नव्हे.

नोंदीपेक्षा महाग पडतं ते विणून घेणं. इचलकरंजीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चार वार विणा की चारशे, बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, भरायचं, हजारो धागे रंगाच्या क्रमाने ओवायचे, ते काम तेवढंच. तो सगळा खर्च चार वारांवर पडला की वाराचा भाव चढतो. म्हणून मोठ्या गिरण्या थोडक्या कापडाला नाही म्हणतात आणि छोटे विणकर हो म्हणून जास्त घेतात. नात्यातल्या दहाजणांनी मिळून मागवलं, तर भाव उतरतो.

[दृश्य: मापाची टेप. एकजण ताठ उभा, दुसरा मापं घेतोय.]

राहिलं माप. जीन्सचा नंबर इथे कामाचा नाही. किल्ट बसतो नाभीजवळ, पँटच्या बराच वर. कंबर, नितंब आणि गुडघ्यापर्यंतची उंची, तिन्ही मापं दुसऱ्याकडून घ्यावीत. स्वतः वाकून बघितलं की टेप हललीच. आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत रद्द करायचा जो हक्क आहे, तो मापाने शिवलेल्या कपड्याला लागू नाही. एकदा कापड फाडलं, की ते तुमचं.

[दृश्य: पुठ्ठ्याचं खोकं उघडतं. निऱ्यांवर आडवा पांढरा दोरा.]

काही आठवड्यांनी खोकं येतं. निऱ्यांवर लांब लांब पांढरे टाके दिसतील. ते चुकून राहिलेले नाहीत. प्रवासात निऱ्यांची घडी मोडू नये म्हणून शिवणाऱ्याने घातलेला तो कच्चा धावदोरा आहे. तो आपण उसवायचा. एका टोकाची गाठ कापायची आणि दोरा हळूच ओढायचा.

[दृश्य: दोरा सुटत जातो. निऱ्या एकेक करून मोकळ्या होतात.]