जुन्या वास्तूसाठी कंत्राटदार निवडताना

श्रोतेहो, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यालगतच्या हुतात्मा बागेसारख्या ऐतिहासिक उद्यानात एखादी जुनी दगडी इमारत अभ्यागत केंद्र म्हणून दुरुस्त करायची ठरली, की आधी निधीची चर्चा होते आणि मग कंत्राटदाराची. माझे म्हणणे असे, की कंत्राटदार कोण मिळणार हे लिफाफे उघडण्याच्या दिवशी ठरत नाही; निविदेच्या मसुद्यात आपण काय मागतो, तिथेच ते बरेचसे ठरलेले असते. केवळ वार्षिक उलाढालीची अट घातली, तर रस्ते आणि व्यापारी गाळे बांधणारे येतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

परवानगीचा विषय थोडक्यात सांगतो. सोलापूरचा किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित ठरतो. प्रतिबंधित पट्ट्यात १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती परवानगीने करता येते. ती हाती येण्याआधी कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा आदेश, देऊ नये. काम अडले, की भाववाढीचे पत्र येतेच.

खरी अडचण अंदाजपत्रकात असते. नेहमीच्या दरसूचीतील बाबी नव्या बांधकामाच्या असतात, आणि चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावणे हे त्या सूचीप्रमाणे अगदी नियमात बसते. प्रत्यक्षात दगड आणि चुना यांतून ओल बाहेर पडत असते. सिमेंटचा थर ती अडवतो, मग क्षार आतच साठतात आणि सांध्यांतला जुना चुना भुसभुशीत होतो. म्हणून भट्टीचा चुना किती दिवस मुरवायचा, दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) कशाने भरायच्या, कोणत्या भागाला हातही लावायचा नाही, हे बाबनिहाय लिहिले पाहिजे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा चुन्याचे काम ओल्या गोणपाटाखाली ठेवावे लागते, आणि त्या मजुरीची बाब नसेल तर ते कोणी करणार नाही. गिलावा काढल्यावर आत काय निघेल हे आधी कळत नसल्याने परिमाणे तात्पुरती धरावीत आणि वाढीव कामाचा दर आधीच मागून ठेवावा. नाहीतर ‘अतिरिक्त बाब’ या नावाखाली मूळ रकमेचा अर्थच उरत नाही.

निवडीसाठी दोन लिफाफा पद्धत, म्हणजे तांत्रिक माहिती आणि दर वेगवेगळ्या लिफाफ्यांत मागणे, योग्यच आहे, पण तांत्रिक लिफाफ्यात केवळ कागद तपासण्याची सवय सोडावी लागेल. केंद्र शासनाच्या २०२१ च्या सूचनांनी विशिष्ट कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्याची मुभा दिली. जिथे तसे नियमात बसते, तिथे पूर्वी केलेली चुन्याची कामे प्रत्यक्ष जाऊन पाहावीत आणि काम करणारे गवंडी व पाथरवट कोण, हे विचारावे. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची चौकशी आहे, कारण कंत्राट एकाच्या नावावर आणि थापी भलत्याच्याच हाती, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. कार्यादेशानंतर एका भिंतीवर नमुना पट्टी करून घ्यावी आणि ती मान्य झाल्याशिवाय पुढचे देयक काढू नये.

राहिला अनामत रकमेचा प्रश्न. पावसाळा पाहिल्याशिवाय ती परत करू नये, यावर सहसा एकमत होते. पण सोलापूरचा पाऊस बेभरवशाचा आहे, त्यामुळे एका कोरड्या वर्षात गळती दिसणारच नाही, म्हणून मी दोन पावसाळ्यांची अट घालीन.