स्लोला झुलणारं इंजिन: जुन्या बी-२७५चा व्हॅक्यूम गव्हर्नर

(दृश्य: पहाट. शेडमध्ये उभा लाल ट्रॅक्टर. फक्त इंजिनाचा आवाज.)

ऐका. रेस चढते, उतरते, पुन्हा चढते. हात लावलेला नाही, गिअर न्यूट्रलला आहे, तरी इंजिन पाळण्यासारखं झुलतंय. मेकॅनिक याला हंटिंग म्हणतात.

हा बी-२७५. मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी केली आणि पुढे मुंबईत कांदिवलीच्या कारखान्यात हाच ट्रॅक्टर तयार होऊ लागला. चार सिलिंडर, १४४ घनइंचाचं डिझेल इंजिन. नांगरणीतून निवृत्त झालेले असे ट्रॅक्टर आजही फवारणीला, पाण्याच्या टँकरला जुंपलेले दिसतात.

स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न ओढता चालणारी रेस, बिघडली की बहुतेकांचा हात आधी स्लोच्या स्क्रूकडे जातो. तिथेच चूक होते. स्क्रू पिळून रेस वाढवली की झुलणं दबतं, पण दोष जागेवरच राहतो. या ट्रॅक्टरवर स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी येते. का, ते कळायला आधी गव्हर्नर, म्हणजे इंजिनाची रेस आवरणारा भाग, समजून घ्यावा लागतो.

(दृश्य: इनटेक मॅनिफोल्डवरून डिझेलच्या इंजेक्शन पंपाच्या मागच्या डब्याकडे जाणारी बारीक पाइप.)

ही पाइप नीट बघा. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेच्या, तोंडाशी एक बटरफ्लाय, म्हणजे फिरणारी पाती, आहे. तुम्ही ॲक्सिलरेटर ओढता तेव्हा डिझेल थेट वाढत नाही, आधी ही बटरफ्लाय उघडते. ती मिटत आली की तिथे ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, वाढते. ती ओढ या पाइपमधून पंपामागच्या गोल डब्यात पोचते. डब्यात चामड्याचा पडदा आहे, डायफ्राम. पडद्याला पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते ठरवणारी पट्टी, जोडलेला. स्प्रिंग रॅकला सतत 'जास्त डिझेल'च्या बाजूला ढकलते, ओढ त्याला मागे खेचते.

म्हणजे इंजिनाला आवर घालते ती ओढ. ती कुठेही गळली, तर स्प्रिंग जिंकते आणि डिझेल वाढतं. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ही पाइप सुटलेली असताना इंजिन कधीही चालू करायचं नाही. ओढ नाही म्हणजे पूर्ण डिझेल, आणि इंजिन आवरेनासं होतं. तशी वेळ आलीच तर लगेच स्टॉपची दांडी ओढा. तिनंही थांबलं नाही तर इनटेकच्या तोंडावर सपाट फळी दाबा. हात किंवा कापड लावू नका, आत ओढलं जाईल.

तुमच्या ट्रॅक्टरचा पंप मागे कधी बदलला असेल आणि ही पाइपच दिसत नसेल, तर तुमचा गव्हर्नर मेकॅनिकल आहे. डायफ्रामची पुढची माहिती त्याला लागू नाही. डिझेल आणि नोझलची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो भाग) मात्र लागू आहे.

(दृश्य: इंजिन बंद. पंपाचा जवळचा शॉट.)

पहिली तपासणी पडद्याची. इंजिन बंद ठेवून पाइप डब्यापासून सोडा. स्टॉपची दांडी पूर्ण ओढून धरा. आता डब्याच्या त्या तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दांडी सोडून द्या. पडदा चांगला असेल तर दांडी थोडीशी परत येईल, अडेल आणि मग अगदी सावकाश सरकेल. दांडी सरळ टपकन परत आली, तर हवा आत शिरतेय: पडदा तरी फाटलाय, नाहीतर झाकणाची कड गळतेय.

आधी झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा आणि पुन्हा तपासा. फरक नाही पडला तर झाकण उघडा. चामडं वाळून कडक झालेलं असतं आणि बहुधा घडीच्या जागी चीर असते. बारीक असते, म्हणून पडदा उजेडासमोर धरून बघा. सोल्यूशन लावून चिकटवू नका. चिकटवलेली जागा ताठ राहते, पडदा नीट वाकत नाही आणि रेस पुन्हा झुलते. नवाच पडदा घाला.

पडदा ठीक निघाला तर पाइप. दोन्ही टोकांचे जोड, रबराचे तुकडे, चेमटलेली जागा. चीर डोळ्यांना दिसत नसेल तर पाइप जोडून इंजिन स्लोला चालवा आणि एकेका जोडावर बोटानं ग्रीस लावत जा. ज्या जोडावर ग्रीस लावताच आवाज बदलला, तिथे गळती.

बटरफ्लायच्या दांड्याकडे सहसा कोणी बघत नाही, आणि आमच्या मते जुन्या ट्रॅक्टरवर अर्ध्या वेळा तिथेच काहीतरी सापडतं. वर्षानुवर्षं फिरून दांड्याचं भोक मोठं होतं, तिथून हवा शिरते. दांडा धरून वरखाली हलवा. खडखड जाणवली तर बुश घालून घ्यावा लागेल. ॲक्सिलरेटरचे जोडही घासतात. मग बटरफ्लाय दर वेळी वेगळ्या जागी येऊन थांबते, आणि आज लावलेली स्लो उद्या सापडत नाही. तोंडाच्या आत तेलकट काजळी असेल तर डिझेलनं पुसून काढा. ती साचली की पाती पूर्ण मिटत नाही.

आणि रॅक. स्टॉपची दांडी हलवताना कुठे अडते का? टाकीत पाणी गेलेलं किंवा ट्रॅक्टर बरेच महिने उभा असेल तर रॅक जाम होतो. अडकणारा रॅक आणि फाटका पडदा, दोघांचा आवाज जवळपास सारखाच येतो.

(दृश्य: डिझेल फिल्टर, हँडपंप.)

झुलणं तालात नसेल, इंजिन हळूहळू गळून बंद पडत असेल, तर डिझेलची वाट तपासा. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं की ट्रॅक्टर थोडा वेळ छान चालतो आणि मग मरतो. झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो. शंका टाकीची की पुढची, हे ठरवायला गाळलेल्या डिझेलचा दोन लिटरचा कॅन उंच टांगून त्याची नळी फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) जोडा. असा नीट चालला, तर दोष टाकी, तिची चावी किंवा पाइपमध्ये.

हवा धरली असेल तर आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हँडपंप मारा. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू बंद करा. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू, तसाच. क्रम उलटा केला तर फिल्टरमधली हवा पुन्हा पंपात जाते.

(दृश्य: नोझलच्या पाइपचा नट.)

'फट्, फट्' करत इंजिन मिस मारतंय? स्लोला चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा. आवाज खाली बसला तर ते सिलिंडर काम करतंय. काहीच फरक पडला नाही तर तेच आजारी. धारेसमोर बोट आणू नका. या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि तसं झालं तर थेट दवाखाना गाठायचा.

आता इंजिन बंद करून आजारी सिलिंडरचा नोझल शेजारच्याशी बदला. बसवताना तांब्याचे वायसर नवे घ्या. दोष नोझलबरोबर शेजारी गेला तर नोझल टेस्टिंगला द्या. तिथेच राहिला तर टॅपेट, कॉम्प्रेशन किंवा पंपाचं एलिमेंट.

(दृश्य: गरम इंजिन. टॅकोमीटर.)

हे सगळं निस्तरल्यावर स्क्रू. इंजिन १५ मिनिटं चालवून गरम करा. पुलीवर चमकती पट्टी चिकटवून टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारं यंत्र, धरा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला स्लो आणा.

इतकं करूनही थोडं झुलत असेल, आणि डब्याच्या झाकणावर लॉकनटाचा स्क्रू असेल, तर तो झुलणं शमवण्यासाठीच आहे. लॉकनट सैल करून पाव फेरा आत घ्या आणि थांबून ऐका. झुलणं थांबलं, त्याच जागी लॉकनट आवळा. मग पूर्ण रेस देऊन एकदम सोडा. इंजिन झटकन खाली येऊन स्थिर व्हायला हवं. रेस वरच रेंगाळली तर स्क्रू जास्त आत गेलाय, थोडा मागे घ्या आणि पुन्हा रेस देऊन बघा.