दार बंद केलंत, पण सांगितलंत का?

मंडळी, इंटरनेट कंपन्या काही पोर्ट बंद ठेवतात, हा आजचा विषय ऐकायला जड आहे, म्हणून मी मोंढ्यापासून सुरू करतो. लातूरच्या मोंढ्यात माझ्या मामांची आडत आहे. सोयाबीनची आवक जोरात होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी सकाळी मामांचा फोन आला, "अरे, मेल जाईना बघ. खरेदीदार बिलासाठी डोक्यावर बसलेत." जाऊन पाहिलं तर येणारे मेल येत होते, वेबसाइट उघडत होत्या, हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून जाणारी बिलं तेवढी अडकत होती. आदल्याच आठवड्यात इंटरनेटचं कनेक्शन बदललं होतं, पण ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तीन दिवस आम्ही सॉफ्टवेअरवाल्याला बोल लावले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. नव्या कंपनीने पोर्ट २५ बंद ठेवला होता, आणि ते सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती.

पोर्ट म्हटलं की कॉम्प्युटरच्या मागची वायर खुपसायची जागा आठवते. हा पोर्ट तसा नाही, हा नुसता आकडा. छत्रपती संभाजीनगरला आपण बावन्न दरवाजांचं शहर म्हणतो ना, तसे प्रत्येक कॉम्प्युटरला ६५,५३६ दरवाजे. कुठल्या दारातून कुठलं काम, हे ठरलेलं असतं. सुरक्षित वेबसाइट ४४३ मधून, विंडोजच्या फायलींची देवाणघेवाण ४४५ मधून, आणि एका मेल सर्व्हरकडून, म्हणजे मेल पोचवणाऱ्या कॉम्प्युटरकडून, दुसऱ्याकडे जाणारी टपाल २५ मधून.

आता हा २५च का बंद? मेलचे हे नियम १९८२ मध्ये लिहिले गेले. तेव्हा नेटवर्कवर माणसं मोजकी, बहुतेक एकमेकांच्या ओळखीची. त्यामुळे या दारावर 'तू कोण?' असं विचारायची पद्धतच नव्हती. पुढे दोन हजार सालानंतर घराघरांतले कॉम्प्युटर व्हायरसने ताब्यात घेतले आणि मालक झोपलेला असताना त्याच दारातून हजारो फसवे मेल बाहेर पडू लागले. कंपन्यांनी दार लावून घेतलं. मी म्हणतो, बरोबर केलं. प्रामाणिक माणसासाठी ५८७ नंबरचं दार १९९८ पासून ठरलेलं आहेच. तिथे नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय टपाल घेत नाहीत. मामांच्या सॉफ्टवेअरमध्ये २५ खोडून ५८७ लिहिलं, पासवर्ड भरला, काम झालं. दोन मिनिटांचं काम, आणि त्यापायी तीन दिवस गेले.

४४५ ची कथा याहून गंभीर. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरला तो याच वाटेने. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. कंपनीने बाहेरून ४४५ बंद ठेवला तर बाहेरचा चोर अडतो. पण दुकानातला एक कॉम्प्युटर बिघडला, तर शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे जायला त्याला वेशीतून जावंच लागत नाही. घरातल्या घरात सगळं मोकळं. तिथे कंपनीचा पहारा उपयोगाचा नाही.

मग येतं ते 'मोफत सिक्युरिटी सॉफ्टवेअर'. वर्षाच्या प्लॅनवर भेट, जशी साडीवर पिशवी. मामांकडे आधीच एक अँटीव्हायरस होता. कनेक्शन जोडायला आलेल्या पोराने त्याच्यावर दुसरा बसवला. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजू लागले. कॉम्प्युटर इतका मंदावला की एक बिल उघडेपर्यंत चहा संपायचा, आणि नव्याच्या फायरवॉलने, म्हणजे येणं-जाणं तपासणाऱ्या पहाऱ्याने, दुकानातला प्रिंटरच परका ठरवला. एक काढून टाकला तेव्हा गाडी सुरळीत झाली. एका कॉम्प्युटरवर एकच अँटीव्हायरस; विंडोजचा स्वतःचा आहे, तो चालू असला आणि अपडेट होत असला तरी पुष्कळ.

आणि दुकानातल्या कॅमेऱ्यावर ते सॉफ्टवेअर बसवणार कसं? २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने कॅमेरे आणि राउटरच गोळा केले. पोर्ट २३ वर, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या दारावर जाऊन, कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघायचे, एवढीच त्याची करामत. त्या फौजेने २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. आपल्याकडे किती दुकानांत कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून 'अॅडमिन' आहे? हात वर करू नका, शेजारचा बघतोय.

मघाशी मागच्या रांगेतल्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: शेतातला कॅमेरा घरून दिसत नाही, तर तोही पोर्ट बंद केल्यामुळे का? बहुधा नाही. इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनला आकड्यांचा एक पत्ता लागतो, आणि जुन्या पद्धतीचे असे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून कंपन्या एकाच पत्त्यावर अनेक घरं बसवतात, एका वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत तसं. राउटरमध्ये बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही त्या वाड्यात आहात. तुमचं दार लावलेलं नाही, रस्त्यावर तुम्हाला दारच नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागायचा, किंवा कॅमेऱ्याच्या अॅपवर भागवायचं.

माझी तक्रार बंद करण्याबद्दल नाहीच. ट्राय या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर भेदभाव नको या तत्त्वाच्या, शिफारशी केल्या. कंपनीला आपल्या जाळ्यावरची वाहतूक आवरता येईल, पण ते प्रमाणात, तात्पुरतं आणि पारदर्शक हवं, असं त्यात म्हटलं आहे. यातला 'पारदर्शक' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. पाणी सोडायची वेळ आपल्याला कळवतात. मग कोणते पोर्ट बंद आहेत याची चार ओळींची यादी पावतीबरोबर द्यायला काय हरकत आहे?

तशी यादी मी मामांच्या नावाने कंपनीकडे मागितली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. यादी आलीच नाही. मामांनी मात्र हिशोबाच्या कॉम्प्युटरवर '५८७' लिहिलेली चिठ्ठी डकवून ठेवली आहे, आणि कनेक्शन बदललं की शेजारचे आडते तो आकडा विचारायला त्यांच्याकडे येतात.