मुंढा आधी, मग छाती

(सांगलीत कुत्री पाळणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. मी खणभागात बत्तीस वर्षं ब्लाउज शिवते आणि गेली नऊ वर्षं कुत्र्यांचे पट्टे, जाकिटं आणि हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीवर बसणारे पट्टे. दोन्ही कामांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मुंढ्यानं, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईनं; कुत्र्यात पुढचा पाय अंगाला मिळतो ती जागा. समोर शिवणकाम करणाऱ्या बायका दिसतायत, त्यांना लगेच कळेल. छाती बरोबर, उंची बरोबर, पण मुंढा अर्धा इंच चुकला की हात वर करताच ब्लाउज काचतो. बाई दुसऱ्या दिवशी येऊन सांगते तरी. कुत्रं सांगत नाही. ते पाऊल आखडतं टाकायला लागतं, आणि आपण म्हणतो, म्हातारं झालं.

सुरुवातीच्या दिवसांत जतकडच्या एका मेंढपाळ दादांनी फोन केला. कारवानी जातीचा कुत्रा, वजन चोवीस किलो, तीन वर्षांचा. मी वजनाच्या तक्त्यावरून हार्नेस बेतला आणि एसटीनं पाठवून दिला. चार दिवसांनी दादा कुत्र्याला घेऊनच आले. पुढच्या पायांच्या मागं, बगलेत, दोन्हीकडं केस गेलेले आणि कातडी सोललेली. कारवानीची कातडी पातळ, केस आखूड, अंगावर चरबी जवळजवळ नाही. पट्टा सरळ कातडीवरच घासतो. दादा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, बैलाचा खांदा आला तर आम्ही औत सोडतो." बेंदराच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून खांदेमळणी करणारी माणसं ती. जू कुठं बसतं आणि कुठं घासतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या दिवसापासून मी वजनावरून एकही पट्टा कापलेला नाही.

वजनावरून का नाही, तेही सांगते. त्याच वजनाची एक लॅब्राडोर कुत्री माझ्याकडं येते. दोघांच्या छातीचा घेर जवळपास सारखा. पण मानेत साडेतीन इंचांचा फरक आणि कमरेत सहा इंचांचा.

आता मुंढ्याकडं येते. आपल्याला गळ्याखाली जे आडवं हाड लागतं, कॉलरबोन, ते कुत्र्याला नावापुरतंच असतं, कशालाच जोडलेलं नसतं. त्याचा खांद्याचा फरा, म्हणजे खांद्याचं चपटं हाड, नुसत्या स्नायूंनी बरगड्यांवर धरलेला असतो. म्हणून धावताना फरा मोकळा मागंपुढं सरकतो आणि टांग लांब पडते. छातीवरून आडवा जाणारा पट्टा नेमका या फऱ्याच्या वाटेत येतो. त्यापेक्षा समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा हार्नेस बरा. त्याचे दोन पट्टे मानेच्या बाजूंनी खाली येतात आणि छातीच्या पुढच्या हाडावर मिळतात. खांदे मोकळे राहतात.

माप घेताना कुत्रं चारी पायांवर उभं पाहिजे, मान समोर. बसलेल्या कुत्र्याची पाठ आणि छाती, दोन्ही मापं खोटी येतात. टेप कापडाचा घ्या. नसला तर सुतळी गुंडाळा, खूण करा आणि पट्टीवर मोजा. आधी पुढच्या पायामागं बगलेत हात घाला. तिथून मोठ्या कुत्र्याला दोन-तीन बोटं मागं या. छातीचा पट्टा तिथं बसायला हवा. तिथला घेर घ्या. मग बरगड्यांचा सगळ्यात रुंद भाग शोधून तिथलाही घ्या. दोन आकडे वेगळे आले तर दोन्ही लिहून आणा. केसाळ कुत्र्याचा टेप केसांवरून नको, केसांत बसू द्या. प्रत्येक माप दोनदा, आणि मधे त्याला चार पावलं चालवून आणा.

आणि टेप अंगाला लावून घ्या, आवळू नका. दोन बोटांची ढिलाई मी धरते. कित्येक जण टेपखाली बोटं घालून मोजतात, वर मलाही ढिलाई धरायला सांगतात. मग ढिलाई दुप्पट होते आणि पहिला फटाका वाजला की कुत्रं हार्नेसमधून बाहेर! चिमुकल्या कुत्र्याला एकच बोट पुरे.

मानेचं माप सोपं वाटतं. पट्टा जिथं बसतो तिथं घ्यायचं. पण कारवानी आणि मुधोळ या सडपातळ जातींचं डोकं निमुळतं, मानेइतकंच किंवा तिच्याहून बारीक. साधा पट्टा कानांवरून सरळ निघतो. म्हणून लोक तो आवळतात, आणि तेच चुकतं. त्यांना दीड-दोन इंच रुंद पट्टा हवा, ओढ बसली की ठरावीक मापापर्यंतच आवळणारा. त्याला मार्टिंगेल म्हणतात. त्यासाठी डोक्याचा घेरही लागतो. पग आणि तशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना फिरवताना गळ्याला दोरी लावूच नका, त्यांना श्वास आधीच कमी पुरतो. ओढणाऱ्या कुत्र्यालाही हार्नेसच बरा. गळ्यातल्या पट्ट्यावर ओढ बसली की डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसवर तसा वाढत नाही, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलं आहे.

2019 च्या ऑगस्टात सांगलीत पाणी शिरलं, तेव्हा पाण्यातून काढलेलं एक पिल्लू कुणीतरी माझ्यासमोर ठेवलं. गळ्यात सुतळी. कधीतरी कुणी प्रेमानं बांधली असेल. पिल्लू वाढलं, सुतळी नाही वाढली. त्यात ती भिजून आटली आणि मांसात रुतली. डॉक्टरांनी ती कापून काढली तेव्हा मी त्याचे पाय धरले होते. ते कण्हणं माझ्या कानांतून गेलेलं नाही. म्हणून पिल्लांच्या मालकांना मी दर आठवड्याला पट्ट्याखाली बोटं घालून बघायला लावते. आपण कपड्यात माया सोडतो तशी पिल्लाच्या हार्नेसमध्येही पट्टा सरकवायला जागा सोडते. पण मोठ्या जातीचं कुत्रं वर्ष-दीड वर्ष वाढतं, एवढ्या वाढीला एका हार्नेसची माया पुरत नाही. दोन-तीन घ्यावेच लागतात.

कपड्यांबद्दल थोडंच बोलते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये कुत्र्याला कपडा घालू नका, फोटोपुरताही नको. थंडीत आखूड केसांच्या, म्हाताऱ्या कुत्र्याला जाकीट जरूर. त्याची लांबी मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि नर असेल तर पोटाखालचं कापड आखूड ठेवा, नाहीतर लघवीनं भिजून तिथली कातडी खराब होते.

मघाशी एका काकूंनी विचारलं, टेप बघूनच आमचं कुत्रं पळतं, त्याला काय करायचं? काकू, टेप दोन दिवस त्याच्या ताटलीशेजारी पडू द्या. त्याला हुंगू द्या. मग पाठीवर नुसता ठेवा, भाकरीचा तुकडा द्या, उचला. गळ्याचं माप सगळ्यात शेवटी. बाहेर ज्यांनी कुत्री बांधलीत त्यांनी आता एकेक करून आत आणा. त्या कोपऱ्यातल्या तांबड्या कारवानीपासून सुरू करू. मघापासून तो उजवा पाय आखडून उभा आहे.