पोटुशी मुशी

नमस्कार श्रोतेहो. शार्क म्हटलं की आपण दचकतो आणि मुशी म्हटलं की कोकम शोधायला लागतो. जात एकच. मुशीत चिंच घालणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, पण ते असो.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दूध पुरेना. आईने फर्मान काढलं, मुशी आण. मी दहा वर्षांचा. वर्सोव्याहून तरीने मढला गेलो, आमच्या नेहमीच्या मावशींकडे. त्यांनी पाटीतून हातभर मुशी काढली. मी सालीवर उलटा हात फिरवून पाहिला, नुसता पॉलिश पेपर! मावशींनी कोयतीने पोट चिरलं आणि आतून बोटाएवढी पिल्लं ओंडक्यावर घसरली. सात होती, मी मोजली. प्रत्येकाला दोऱ्यासारखी नाळ. एकाची शेपटी हलत होती.

मावशींचा हात थांबला. "अगो बाय, ही त पोटुशी व्हती!"

सातही पिल्लं ओंजळीत घेऊन त्या तशाच खाडीत उतरल्या. गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभ्या होत्या. परत येऊन मुकाट्याने तुकडे केले, बांधून दिले. मी पैसे पुढे केले. "हिचा पैसा नको मना."

तर, आपली मुशी बांगड्यासारखी अंडी सोडत नाही, पिल्लांना जन्म देते. पुन्हा सांगतो, जन्म देते. पोटातलं अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, मोहरीहून बारीक. पुढचं पोषण नाळेतून. पिल्लं किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वाढतात आणि आपली डोल जाळीही तिथेच लागतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते खरी, पण मुशी बारा महिने पोटुशी सापडते.

मायामीपासून सुमारे 80 किलोमीटरवर, बहामाज देशात, बिमिनी नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथल्या तिवरांत लेमन शार्कची पिल्लं मोठ्या शार्कपासून लपून वाढतात. तिथे जन्मलेल्या माद्या बऱ्याच वर्षांनी पिल्लं द्यायला त्याच बेटावर परततात, हे 2013 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे माहेरीच की! बहामाजने 2011 मध्ये शार्कची व्यापारी मासेमारी बंद केली. तिथे शार्क पाहायला पर्यटक पैसे मोजतात, म्हणून लोकांना ते परवडतं. मढच्या मावशींना पर्यटक कोण देणार? तिवरं तोडून रिसॉर्ट मात्र बिमिनीतही झालंच. रिसॉर्टवाले सगळीकडे सारखेच.

तेव्हा कोळणीला दोष देऊ नका. पाटीत वीतभर मुशी दिसली तर घेऊ नका, एवढंच. वीतभर असेल तर नाही.

त्या दिवशी मी घरी काही बोललो नाही. ताईने कालवणाच्या दोन वाट्या ओरपल्या. हा कार्यक्रम ती दर आठवड्याला न चुकता ऐकते, आणि आज रात्री मला जेवायला तिच्याकडेच जायचंय.