आधी ‘मात्र’ शोधा, तारे नंतर मोजा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच तक्रार पंचवीस वेळा आलीये. “पेपरात साडेतीन स्टार होते म्हणून घरचे सगळे गेलो, मध्यंतरानंतर झोप लागली. समीक्षक विकले गेलेत का?” आज तेवढाच विषय. पेपरातलं चित्रपट परीक्षण वाचायचं कसं.

सुरुवातीचं पटकन उरकतो, तुम्हाला माहीतच आहे. प्रेस शो, म्हणजे पत्रकार-समीक्षकांसाठीचा खास खेळ, बहुतेक बुधवारी किंवा गुरुवारी होतो. सिनेमा शुक्रवारी लागतो, परीक्षण शुक्रवार ते रविवार छापून येतं. जागा साधारण चारशे शब्दांची. बाजूला चौकट: निर्मिती, दिग्दर्शन, कथा, कलाकार आणि तारे. झालं.

आता त्या चारशे शब्दांचा हिशेब मांडू. कथासूत्र शंभर-सव्वाशे शब्द खातं. विषयाची प्रस्तावना पन्नास. कलाकारांची नावं आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक विशेषण, यात सत्तर-ऐंशी जातात. छायाचित्रण, संगीत, संकलन, कला दिग्दर्शन यांची हजेरी चाळीस. राहिले शंभर. समीक्षकाला सिनेमा कसा वाटला हे त्या शंभरात असतं, आणि ते शंभर शब्द कुठून सुरू होतात? ‘मात्र’पासून.

(स्क्रीनवर मोठ्या अक्षरात: मात्र)

हसू नका. हा शब्द बोलताना आपण फारसा वापरत नाही, परीक्षणात तो हटकून असतो. “कलाकारांनी भूमिका चोख वठवल्या आहेत. मात्र उत्तरार्धात पटकथेची पकड सुटते.” पहिलं वाक्य शिष्टाचाराचं, दुसरं मताचं. काही जण ‘तरीही’ लिहितात, काही ‘असे असले तरी’. काम तेच.

पहिली गोष्ट, तो कुठे येतो ते बघा. दुसऱ्याच परिच्छेदात ‘मात्र’ आला, तर समीक्षकाला धीर धरवलेला नाही. चूक मोठी आहे. शेवटून दुसऱ्या ओळीत आला, “मात्र गाणी आणखी श्रवणीय हवी होती”, तर ती नुसती दृष्ट काढलीये. सिनेमा आवडलाय, बिनधास्त जा.

दुसरी गोष्ट, तो कशावर येतो. संगीतावर, रंगभूषेवर, एखाद्या सहकलाकारावर आला तर सोडून द्या. पटकथेवर आला तर थांबा. चांगला नट कच्ची पटकथा वीस मिनिटं ओढू शकतो, सव्वादोन तास नाही. आणि ‘संकलनाची कात्री अजून चालायला हवी होती’ हे वाक्य दिसलं तर ते संकलकाचं माप म्हणून वाचू नका. याची मला खरंच चीड येते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. लिहिलीच दीडशे पानं, शूट केली दीडशे पानं, आणि दिग्दर्शक-निर्माता म्हणतात एकही प्रसंग काढायचा नाही, तर संकलकानं कात्री चालवायची कशावर? त्या वाक्याचा अर्थ इतकाच घ्या की सिनेमा लांबलाय.

तिसरी गोष्ट, आणि इथेच लोक फसतात. ‘मात्र’ सापडतच नाही. सगळं गोडगोड, आणि चौकटीत तारे अडीच. लगेच कमेंट येते, “बघा, पैसे घेऊन लिहिलंय.” अहो, नाही. पान लावताना ऐनवेळी जाहिरात आली की मजकूर छाटावा लागतो, आणि घाईत तो खालून छाटला जातो. समीक्षकानं टीका शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवली असेल तर तीच उडते. तारे चौकटीत असतात, म्हणून कात्रीतून सुटतात. तेव्हा गोड मजकूर आणि अडीच तारे दिसले की बहुधा शेपूट कापलं गेलंय असं समजा. त्या एका वेळी ताऱ्यांवर विश्वास ठेवा. पेपरच्या वेबसाइटवर कधीकधी तेच परीक्षण पूर्ण लांबीचं असतं, ते उघडून शेवटचा परिच्छेद वाचा. मथळाही समीक्षकाचा असेलच असं नाही. तो बऱ्याचदा उपसंपादक देतो, आणि सिनेमाच्या नावावर शाब्दिक कोटी जमली की त्याला दुसरं काही दिसत नाही.

पैसे घेतलेला मजकूर ओळखायचा असेल तर तो वेगळाच दिसतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात बहुधा ‘जाहिरात’ किंवा तशा अर्थाचं काहीतरी असतं. लेखकाचं नाव नसतं, तारे नसतात, फोटो सगळे प्रसिद्धीचे, आणि सिनेमा लागायच्या आधीच तो छापून येतो. त्याला परीक्षण म्हणू नका, म्हणजे फसगत होणार नाही.

आता तारे. ही पद्धत आपली नाही. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी ३१ जुलै १९२८ ला सिनेमाला तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कमाल तीन होते. आपल्याकडे पाच झाले, त्यात अर्धे मिसळले, म्हणजे कागदावर दहा पायऱ्या. प्रत्यक्षात? एक तारा द्यायला समीक्षक कचरतो, पाच तर वर्षातून एखाद्यालाच. राहतात अडीच, तीन आणि साडेतीन. सगळं दुकान तीन मापांवर चाललंय!

याचा तोटा बघा. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘दशावतार’ लागला आणि पुढच्याच शुक्रवारी, १९ ला, ‘साबर बोंडं’. एकात कोकण, दशावतारी खेळ आणि दिलीप प्रभावळकरांची मध्यवर्ती भूमिका, भरल्या थिएटरसाठी रचलेला सिनेमा. दुसरा रोहन कानवडे यांचा, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेल्या माणसाची शांत, सावकाश उलगडणारी गोष्ट. समजा दोघांना साडेतीन-साडेतीन दिले. त्या आकड्यावरून तुम्हाला काय कळलं? तुमची शनिवार रात्र कुठे घालवायची, हे तरी कळलं का? पहिल्यात जे शोधाल ते दुसऱ्यात नाही, आणि दुसऱ्यातली शांतता पहिल्यात मागणं वेडेपणा आहे. मजकूर वाचल्याशिवाय सुटका नाही.

“मग सगळ्यांची सरासरी काढायची,” असं एका दादांनी लिहिलंय. काढू. पाच पेपरांनी तीन-तीन दिले, सरासरी तीन. दुसऱ्या सिनेमाला पाच, पाच, तीन, एक, एक मिळाले, सरासरी पुन्हा तीनच. पहिला सिनेमा कोमट आहे. दुसरा तुम्हाला एकतर डोक्यावर घ्यावासा वाटेल नाहीतर मध्यंतरात घरी जावंसं वाटेल. सरासरीनं नेमकी हीच माहिती पुसून टाकली. परीक्षणं गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या वेबसाइटची टक्केवारी तर सरासरीही नव्हे. किती टक्के समीक्षकांचा कौल बाजूनं आहे, तेवढाच तो आकडा. सगळ्यांना सिनेमा ‘ठीकच’ वाटला तरी १०० टक्के होऊ शकतात.

एका ताईंचा प्रश्न: “गाजावाजा झालेल्या सिनेमाचं परीक्षण एवढंसंच का?” तारखा बघा. १ मे २०२५ ला ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबवायचं नाय!’ हे दोन मराठी सिनेमे एकाच दिवशी लागले, त्याच दिवशी हिंदीत ‘रेड २’. पान तेवढंच, सिनेमे बघणारे समीक्षक एक किंवा दोघे. मग कुणाला चारशे शब्द मिळतात, कुणाला दीडशे. दीडशे शब्दांत कथासूत्र आणि नावं झाली की संपलं, ‘मात्र’ला जागाच नसते. असं छोटं परीक्षण मत म्हणून धरू नका, सिनेमा लागल्याची बातमी म्हणून वाचा.

“मुलांना नेऊ का?” हे परीक्षणात शोधू नका, क्वचितच सापडतं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून यूए गटाचे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे, तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. तिकिटाच्या अ‍ॅपवर लिहिलेलं असतं.

आणखी एक तक्रार. “समीक्षकानं ध्वनी उत्तम म्हटलं, आम्हाला संवादच ऐकू आले नाहीत.” दोघंही खरे असू शकता. सिनेमाचं ध्वनिमिश्रण होताना आवाजाची पातळी प्रमाणित असते, थिएटरच्या ध्वनियंत्रावर, म्हणजे प्रोसेसरवर, फेडर नावाच्या आवाजाच्या बटणाचा ७ चा आकडा. थिएटरवाले प्रेक्षकांच्या तक्रारीवरून तो ५ वर, कधी त्याच्याही खाली आणतात. मोठे आवाज तरीही ऐकू येतात, कुजबुज बुडते. चित्राचंही तसंच. पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (हे उजेडाचं माप) उजेड पडायला हवा. प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झाला की तो घटतो, आणि रात्रीचे प्रसंग म्हणजे नुसता काळोख. प्रेस शो बहुतेक चांगल्या स्क्रीनवर ठेवतात. तेव्हा ‘छायाचित्रण नेत्रसुखद’ वाचून गेलात आणि डोळे फोडत बसावं लागलं, तर समीक्षकाला शिव्या देण्याआधी बाहेर जाऊन मॅनेजरला गाठा. दिवा किती जुना आहे आणि फेडर किती आकड्यावर आहे, एवढंच विचारा.

तेवढ्यात आठवलं, “परीक्षणं उशिरा छापा” असंही काही जण म्हणतायत. केरळ उच्च न्यायालयात २०२४ मध्ये न्यायमित्रांनी, म्हणजे कोर्टानं सल्ल्यासाठी नेमलेल्या वकिलांनी, पहिले ४८ तास व्हिडिओवाल्यांनी परीक्षण करू नये असं सुचवलं होतं. मराठीत हे परवडायचं नाही. सोमवारपासून शो कमी व्हायला लागतात, पुढच्या शुक्रवारी नवा सिनेमा दारात उभा. रविवारच्या पुरवणीतलं कौतुक वाचून तुम्ही बुधवारी निघालात, तर उरलेला एकमेव शो दुपारी पावणेबाराचा!

आता गृहपाठ. या आठवड्यात एकाच सिनेमाची तीन पेपरांतली परीक्षणं कापून घ्या. चौकटीवर बोट ठेवून तारे झाका. लाल पेननं प्रत्येक ‘मात्र’, ‘तरीही’, ‘असे असले तरी’ला गोल करा, आणि त्यापुढे किती शब्द आहेत ते मोजून समासात लिहा. मग बोट उचला. तिन्हींत ‘मात्र’ एकाच गोष्टीवर आला असेल, तर ती गोष्ट कोणती तेवढं कमेंटमध्ये लिहा. तारे लिहू नका, मी वाचणार नाही.